घरातली हवा मोजणाऱ्या गजभिये बाई

गजभिये बाईंना घरी बोलावणं म्हणजे धुळीला आवतण देणं, असं भिलाईतल्या आमच्या हुडको कॉलनीत म्हणत. बाई चपला काढत, त्या घराला चालेल त्याप्रमाणे ‘जयभीम’ किंवा ‘नमस्कार’ म्हणत, आणि पाण्याचा ग्लास पुढे यायच्या आत खिडकीपाशी पोचलेल्या असत. खिटी वर, पल्ला बाहेर. घरची बाई मागून “अवो मॅडम, धुर्रा येते न!” म्हणेपर्यंत दुसरीही खिडकी उघडलेली. मग खांद्यावरच्या पिशवीतून एक जुनं फडकं काढून खिडकीची चौकट त्या स्वतः पुसून काढत, फडक्याची घडी घालून परत पिशवीत ठेवत आणि म्हणत, “घ्या, तुमची धूळ मी घेऊन चालली. आता चहा मांडा.”

बाई गेल्या की खिडक्या लागत. हे बाईंनाही माहीत होतं.

मला या सगळ्याचा संताप यायचा. लोकांचा यायचा, बाईंचाही यायचा. ज्या गोष्टीचा बाईंनी ध्यास घेतला होता ती डोळ्यांना दिसत नाही, तिला वास येत नाही, आणि तिच्यामुळे कुणी आज पडून उद्या मरत नाही. असल्या गोष्टीसाठी लोकांना शहाणं करायला निघणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. बाई ते रोज आपटत. आणि खोक पडली की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसत, कारण अख्ख्या कॉलेजात त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलणारा मी एकटा होतो. त्या फिजिक्स शिकवत, मी केमिस्ट्री. वर्गात दोघंही हिंदीत. स्टाफरूममध्ये आलं की बाईंची वऱ्हाडाकडची जीभ सुटायची.

बाई बुटक्या, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. स्कूटीवरून येत, उन्हाळ्यात तोंडाला असा दुपट्टा गुंडाळत की फक्त चष्मा दिसावा. कुणी अंदाजानं काही बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे. “आज कालच्यापेक्षा जास्त गरमी आहे,” असं शिपाई म्हणाला तरी, “मोजली का?” तो बिचारा नाही म्हणे. “मंग?” प्राचार्यांनी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं की यंदा मुलांची हजेरी बहुतेक सुधारली आहे. बाई शेवटच्या खुर्चीवरून म्हणाल्या, “बहुतेक म्हणजे किती, सर?” त्या वर्षी बाईंना परीक्षेचं सगळ्यात किचकट काम मिळालं. प्राचार्यांना हजेरी मोजता येत नसली तरी हिशेब चुकता करता येत होता.

बाईंचा विषय एकदा नीट सांगून टाकतो, कारण त्यांनी तो मला इतक्या वेळा सांगितला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. दगड, माती, वीट, सिमेंट, जमिनीतून जे जे निघालं त्यात रेडियम नावाचं द्रव्य कणभर असतंच. त्यातून रेडॉन नावाचा वायू सुटत राहतो. मोकळ्यावर तो विरून जातो. कोंडलेल्या खोलीत मात्र साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरची शक्यता वाढवतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची तर आणखीच. भिलाईत घरं बांधतात राखेच्या विटांची, भट्टीच्या मळीच्या सिमेंटची, आणि हातात चार पैसे आले की फरशीला ग्रॅनाइट. बाईंना शोधून काढायचं होतं की या घरांमध्ये नेमका किती रेडॉन साठतो. त्यांची पीएचडी त्यावरच होती, आणि ती त्यांनी अशा वयात सुरू केली होती की बाकीचे लोक त्या वयात गुडघ्याचं तेल शोधतात.

“विटेले शिव्या देऊ नका,” त्या म्हणायच्या. “वीट काही एकटीच पापी नाही. जमिनीतून येते, दगडातून येते, सगळ्यातूनच थोडं थोडं येते. येते ते येऊ द्या न बाबा. फक्त जाऊ द्या.”

जाऊ देणं हीच तर अडचण. भिलाईत खिडकी कोण उघडी ठेवतो? उन्हाळ्यात झळा, पावसाळ्यात मच्छर, आणि बारा महिने धूळ. सकाळी पुसलेला टीव्ही संध्याकाळी बोटानं नाव लिहिण्याजोगा होतो. ज्या बाईनं आयुष्यभर ती धूळ पुसली तिला तुम्ही न दिसणाऱ्या वायूची गोष्ट सांगून खिडकी उघडायला लावणार!

मोजायचं साधन अगदी साधं होतं. प्लास्टिकची डबी, तिच्यात फिल्मचा छोटा तुकडा. रेडॉनचे कण फिल्मवर आदळले की बारीक ओरखडे उठतात. डबी तीन महिने खोलीत टांगायची, मग फिल्म काढून गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवायची, म्हणजे ओरखडे मोठे होतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. ते द्रावण करून देणं एवढंच या संशोधनातलं माझं योगदान.

बाईंनी सेक्टर सहामधल्या क्वार्टरांत आणि हुडकोतल्या घरांत डब्या टांगल्या. घरोघरी जाऊन, स्टुलावर चढून, स्वतःच्या हातानं. प्रत्येकाला बजावलं की रोज राहता तसंच राहा. तीन महिन्यांनी डब्या आणल्या, फिल्म धुतल्या, आणि मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाल्या, “सर, हे घरं आहेत का मैदानं?”

कुठंच काही नाही. उघड्या माळावर असावं तेवढंच. बाई तडक सेक्टर सहात गेल्या. मीही मागोमाग गेलो, कारण त्या रागात स्कूटी कशी चालवतात ते मी पाहिलं होतं. पहिलंच क्वार्टर निखाडे नावाच्या, पोलादाच्या प्लांटमधल्या माणसाचं. त्यानं आम्हाला पाहताच विचारलं, “पास झालो न मॅडम?”

“कायचं पास?”

“रीडिंग चांगलं आलं असन न? तीन महिने आमी एकबी खिडकी लावली नाही. मच्छर चावले, पोरगं तापानं फणफणलं, पन खिडकी लावू नाही देली मी.”

“अवो, पन रोज तर लावता न तुमी?”

“रोज लावतो न. पन रोज थोडी तुमची डबी टांगलेली असते?”

मला हसू आवरेना आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ही सगळी प्लांटची माणसं. मोठा साहेब राउंडला येणार म्हटलं की चुन्याच्या रेघा ओढायच्या, कुंड्या आणून ठेवायच्या, पडलेलं सामान पत्र्यामागं ढकलायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. साहेब गेला की कुंड्या परत. घरात मोजणारी डबी टांगली म्हणजे घरावर राउंड आला, आणि राउंडला चांगलं दिसायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं. अख्ख्या लाइनीनं तीन महिने मच्छर सोसून चांगलं दिसून दाखवलं होतं. एका घरी तर आम्हाला पेढा मिळाला.

परत येताना मी म्हणालो, “दुसऱ्या खेपेला सांगूच नका कशासाठी आहे ते. हवामान खात्याचं म्हणा.”

“ज्या खोलीत ते झोपतात तिथं मी खोटं टांगू?” बाई म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळ्यांना बसवून पुन्हा खरं खरं समजावलं. परीक्षा नाही, पास-नापास नाही, मला तुमचं रोजचं घर पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. तीन महिन्यांनी फिल्म पाहिल्या तर ओरखड्यांनी भरलेल्या. बाई आनंदल्या नाहीत. आता त्या शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी निखाडेच्या बायकोला विचारलं. ती कौतुकानं म्हणाली, “यंदा घर एकदम पॅक ठेवलं होतं मॅडम. व्हेंटिलेटरलेबी पेपर चिटकवला. मागच्या टाइमले आमच्यामुळं तुमची पीएचडी अटकली, असं आयकलं. मंग आमी सगळ्यायनं ठरवलं, आपल्या मॅडमचं काम झालंच पाह्यजे.”

बाई तिथंच ओट्यावर बसल्या. शिव्या कुणाला द्यायच्या? तिनं चहा आणला, बरोबर चिवडा आणला. बाईंनी तो निमूट खाल्ला. कॉलेजात आल्यावर म्हणाल्या, “लोक वाईट असते न सर, तर बरं झालं असतं.”

सगळ्या मिळून एकच फिल्म खरी निघाली, आणि ती त्यांच्या सख्ख्या भावाच्या घरची होती.

मनोहरदादा बाईंपेक्षा बरेच मोठे. आईवडील गेल्यावर बाईंना त्यांनीच शिकवलं. प्लांटमधून रिटायर झाल्यावर हुडकोच्या टोकाला त्यांनी घर बांधलं आणि खाली, अर्धी जमिनीत गेलेली एक खोली काढली, उन्हाळ्यात गार राहते म्हणून. सवय अशी लागली की बाराही महिने तिथंच झोपू लागले. खोलीला एकच लहान खिडकी, तीही कुलूप घातल्यासारखी बंद. दादा बिडी ओढत, आणि बहिणीच्या उद्योगाला ‘शालूची डबी’ म्हणत. बाईंनी डबी टांगली तेव्हा त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. साहेबाच्या राउंडला कुंडी न हलवणारा अख्ख्या भिलाईत हा एकच माणूस असावा. डबी तिथं आहे हेच ते विसरले, आणि म्हणून तिनं मोजलं ते खरं मोजलं.

ओरखडे मोजताना बाईंनी मायक्रोस्कोप पुसला, पुन्हा मोजलं. मला पाहायला लावलं. पॅक करून ठेवलेल्या घरांपेक्षाही तिथं जास्त होतं.

त्या संध्याकाळी बाई दादांकडे गेल्या. काय बोलल्या ते त्यांनीच मला सांगितलं: वर झोप, नाही तर दार-खिडकी उघडी ठेव, बाहेर हवा फेकणारा पंखा बसव, आणि बिडी सोड. यातलं दादांनी नेमकं काय ऐकलं ते पंधरा दिवसांनी कळलं. त्यांचा मला फोन आला, शालूला घेऊन या, खोली दुरुस्त केली आहे. बाईंचा चेहरा इतका उजळला की कॉलेजच्या गेटवर त्यांनी मलाच लस्सी पाजली.

आम्ही गेलो. दादा आम्हाला पायऱ्या उतरून खाली घेऊन गेले, दिवा लावला. चारही भिंती खालपासून वरपर्यंत काळ्या ग्रॅनाइटनं मढवल्या होत्या. जमिनीलाही तोच. खिडकीच्या फटी सिलिकॉननं भरल्या होत्या.

“आता येऊन दाखवन तुह्या विटेतला गॅस,” दादा म्हणाले. “दगडानंच बंद करून टाकला.”

बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. “दादा,” त्या म्हणाल्या, “मी म्हटलं होतं जाऊ दे म्हणून. तू तर यायची सोय वाढवली अन् जायची बंद केली.”

“तूच तं म्हटली विटेत आहे!”

“विटेतबी आहे म्हटलं होतं, दादा. दगडातबी आहे.”

मागं वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ग्रॅनाइट त्यांनी स्वतः पावर हाउसच्या बाजारातल्या दुकानांत फिरून निवडला होता. त्यांचा चेहरा पडला. “ताई, तुमाले काहीच पसंद येत नाही,” त्या म्हणाल्या. “यायले रातभर खोकला येते. धुर्रा आत आला का जास्तच येते. म्हनून मीच रोज दार ओढून घेतो, खाली टावेल लावतो. अन् तुमी म्हनता उघडा. कोनाचं आयकावं मानसानं?”

दादा हसले आणि बिडी शिलगावली. त्या बंद खोलीत तो धूर आमच्या चौघांच्या डोक्यावर तसाच लोंबकळत राहिला. बाईंनी चहा घेतला नाही. परतताना त्या मला म्हणाल्या, “माह्या घरचा एक मानूस मले समजावता येत नाही, अन् मी गावाले समजावाले निघाली.” मी म्हणालो, सोडा ना मग. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो शब्द मी काढला नाही. वहिनींनी त्या दिवसापासून बाईंशी बोलणं टाकलं.

बाई तरीही जात राहिल्या. दर रविवारी जायच्या, खालच्या खोलीचं दार उघडायच्या, दादांशी भांडायच्या आणि परत यायच्या. मधल्या काळात हुडकोत वेगळंच पेटलं. कुणी तरी मोबाइलवर पसरवलं की राखेच्या विटांनी कॅन्सर होतो, एका मॅडमनी शोध लावला आहे. बाईंना रस्त्यात थांबवून लोक विचारू लागले, घर विकावं का. ज्यांनी इतकी वर्षं खिडकी उघडली नाही ते घर विकायला तयार! बाई प्रत्येकाला तिथंच उभं राहून समजावत, घसा बसेपर्यंत. विटा विकणारा एक जण कॉलेजच्या गेटवर येऊन भांडून गेला. बाईंनी त्याचीच बाजू घेतली, म्हणून तो आणखी गोंधळला. घर कुणी विकलं नाही आणि खिडकीही उघडली नाही.

मग दादांच्या थुंकीतून रक्त पडलं. रायपूरच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा फुप्फुसातलं दुखणं फार पुढं गेलेलं होतं. बाई रजा काढून त्यांच्या उशाशी बसल्या. दादा फार दिवस राहिले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अख्खी कॉलनी लोटली होती. घरापुढं मांडव, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, शेजारी दादांचा फोटो, पांढऱ्या साडीत बसलेल्या वहिनी. वंदना झाली, लोक दादांबद्दल चार शब्द बोलले. शेवटी कॉलनीतल्या एका पुढाऱ्यानं माइक घेतला. आवाज चढवून म्हणाला, “आमच्या गजभिये ताई इतके वर्षं सांगत होत्या. आपण आयकलं नाही. त्या बंद खोलीतल्या गॅसनंच दादांचा घात केला. आज दादांच्या फोटोसमोर सगळ्यांनी शपथ घ्या, आजपासून खिडकी लावणार नाही!”

मांडवात हुंकार उठला. बायका एकमेकींकडे पाहून माना हलवू लागल्या. माझ्या मागचा निखाडे बायकोला म्हणाला, “घरी गेल्यावर पहिले व्हेंटिलेटरचा पेपर काढ.” खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं जे बाईंना जमलं नाही ते एका मिनिटात होत होतं. चुकीच्या वाटेनं का होईना, होत होतं.

आणि बाई उठल्या. पुढं जाऊन त्यांनी त्या माणसाच्या हातातून माइक घेतला.

“दादाच्या खोलीतली हवा मी मोजली होती,” त्या म्हणाल्या. “ती खराब होती. खिडक्या उघड्या ठेवा, हे मी आजबी सांगतो अन् उद्याबी सांगन. पन माह्या भावाले त्या खोलीनं मारलं, असं म्हनू नका. दादा जवानीपासून बिडी पीत होता. एका मानसाले कायनं झालं, हे कोनी सांगू शकत नाही. मले माहीत नाही. इथं कोनालेच माहीत नाही.”

त्यांनी माइक खाली ठेवला. मांडवातली माणसं सैल झाल्याचं मला दिसलं. कुणी तरी सुस्कारा टाकला. निखाडे बायकोकडे वळून म्हणाला, “म्हंजे गॅसचं काही नव्हतं तर. बिडीच होती.” ती म्हणाली, “मी तं पहिलेच म्हटलं होतं.”

माझं डोकं भणभणलं. जेवणं सुरू झाल्यावर बाई बाजूच्या नळाशी तोंड धूत होत्या, तिथं मी त्यांना गाठलं. “कशाला बोललात तुम्ही?” मी म्हणालो. “आज पहिल्यांदा लोक ऐकत होते! गप बसला असतात तर अर्ध्या हुडकोच्या खिडक्या उघडल्या असत्या. शास्त्रानुसार तो माणूस चूक बोलला, मान्य. पण त्यानं कुणाचं काय बिघडलं असतं?”

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांचे डोळे सुजलेले होते.

“तो बोलून राहिला होता तेवा तुमी वहिनीकडे पाह्यलं का?”

“नाही.”

“दार रोज तीच लावत होती, सर.”

आतून कुणी तरी जेवायला हाक मारली आणि बाई गेल्या. त्यांची पीएचडी शेवटी झाली नाही. रिटायर झाल्यावर त्या नागपूरला लेकीकडे राहायला गेल्या, आणि त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या दिवशी मी न जेवताच निघालो. माझा राग तसाच होता आणि तो आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. स्कूटर वळवताना मांडवात नजर गेली. वहिनी पानासमोर नुसत्या बसल्या होत्या. बाई शेजारी बसून त्यांच्या पानातला वरण-भात कालवत होत्या आणि म्हणत होत्या, “दोन घास खाऊन घ्या, वहिनी. मंग जरा पडा.”